पाकिटाचं तेल होईलही, पण खर्च कोणी भरायचा?

कचऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडं हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "प्लास्टिकपासून डिझेल निघतंय आता, तो प्लांट टाकला की विषय संपला." संभाजीनगर असो, लातूर, नांदेड, जालना असो, कोणाच्या तरी मोबाइलवर तो व्हिडिओ असतोच, एका बाजूनं मशीनमध्ये चिप्सची पाकिटं जातात, दुसऱ्या बाजूनं पिवळसर तेल पडतं आणि कोणीतरी ते पेटवून दाखवतं. त्याला लगेच समोरून उत्तर येतं की हे सगळं थोतांड आहे, प्लास्टिक जाळायचाच धंदा आहे. दोन्हीकडचे लोक तावातावानं भांडतात आणि दोघंही फक्त मशीनवर भांडतात. मला ही चर्चाच चुकीच्या जागी अडकलेली दिसते. मशीन चालतं, त्यामागची केमिस्ट्री खरी आहे. विचारायचं ते हे की त्या मशीनच्या तोंडापर्यंत पाकीट आणायचा खर्च कोण करणार, आणि निघालेलं तेल आपण कोणत्या हिशोबात धरणार. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा खर्च पाकीट बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी उचलायचा, महापालिका-नगरपालिकांनी आपला पैसा त्यात अडकवायचा नाही, आणि जे तेल शेवटी भट्टीत जळणार आहे त्याला रिसायकलिंग म्हणून मार्क द्यायचे नाहीत. एवढं मान्य असेल तर केमिकल रिसायकलिंगला, म्हणजे प्लास्टिक रासायनिक प्रक्रियेनं मोडून त्याचं तेल किंवा वायू करण्याला, माझा विरोध नाही.

आधी पाकीट म्हणजे काय ते बघू, कारण सगळी अडचण तिथंच आहे. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, पॉलिथिलीनची, म्हणून भंगारवाला ती घेतो, धुवून वितळवून तिचे दाणे होतात आणि दाण्यांचे पुढं काळे पाइप, घमेली, बादल्या होतात. चिप्स, बिस्किटं, मसाले, शाम्पूच्या पुड्या हे वेगळं प्रकरण आहे. वरचा छपाईचा थर पॉलिएस्टरचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, मधे अ‍ॅल्युमिनियम, आतला थर पॉलिथिलीनचा, आणि हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं. प्रत्येक थर वेगळ्या तापमानाला वितळतो, ते एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळं साध्या वितळवण्याच्या कारखान्यात या पाकिटाला जागाच नाही. भंगारवाला घेत नाही, म्हणून कचरा वेचणारी बाईही उचलत नाही. ती चूक करत नाही, तिच्या पोत्यात जागा मोजकी असते आणि ज्याला भाव नाही ते वाहून नेऊन तिच्या घरात चूल पेटत नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला मुद्दा, ही पाकिटं कोणी मजेखातर बनवलेली नाहीत. मधला थर हवा, दमटपणा आणि उजेड अडवतो, म्हणून तळलेला माल महिनोन्‌महिने खवट होत नाही आणि पावसाळ्यात बिस्किट मऊ पडत नाही. एक-दोन रुपयांच्या पुडीमुळं रोज हातावर पोट असलेल्या माणसाला वस्तू परवडते. बीड, धारूर, वडवणीकडून ऊसतोडीला जाणारं कुटुंब फडावर कोपीत राहतं तेव्हा ते तेलाचा डबा आणि शाम्पूची बाटली घेऊन जात नाही, लागेल तशी पुडी घेतं. "बंद करा हे सगळं" असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी त्या कुटुंबाचा विचार केलेला नसतो. दुसरा मुद्दा त्याहून जड आहे. पाकिटं रिसायकल होत नाहीत म्हणून ती काही कुठं शांत पडून राहत नाहीत. सकाळी झाडलेला ढीग कोपऱ्यात पेटतो, गावाकडं उकिरड्यावर पेटतो, नाल्यातून संभाजीनगरच्या खाम नदीत जातो, गाईच्या पोटात जातो. उघड्यावर धुमसणाऱ्या ढिगाच्या तुलनेत बंद भट्टीत, हवा न देता चार-पाचशे अंशांवर केलेलं पायरोलिसिस, म्हणजे प्लास्टिक तापवून त्याचं तेल करणं, कधीही बरं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. तिसरा मुद्दा, हे प्रयोगशाळेबाहेर होऊ शकतं हे आपल्याच देशात दाखवून झालंय, 2019 ला डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत दिवसाला एक टन प्लास्टिकपासून 800 लिटर डिझेल करणारा प्लांट सुरू झाला होता. आणि जपानमध्ये कावासाकीला 2003 पासून प्लास्टिक कचऱ्याचा वायू करून त्यातून हायड्रोजन आणि पुढं अमोनिया बनवतात, ते मोठ्या प्रमाणावर, वर्षानुवर्षं चाललेलं काम आहे.

शिवाय आपल्या भागात लोक या तेलाच्या प्लांटला एवढं का धरून बसतात ते मला समजतं. 2018 च्या फेब्रुवारीत, संभाजीनगरचा कचरा जिथं टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, वर्षानुवर्षं शहराची घाण सोसून ते थकले होते. मग महिनोन्‌महिने शहराची कचराकोंडी झाली, मार्चमध्ये कचरा टाकण्यावरून मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार, जाळपोळ सगळं झालं. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना कोणी सांगितलं की एक मशीन आणलं की ढीग गायब, तर त्यांनी विश्वास का ठेवू नये?

तर मग अडतं कुठं? सरळ गणित करू. पाच रुपयांच्या चिप्सच्या रिकाम्या पाकिटाचं वजन दोन-तीन ग्रॅम. अडीच धरलं तर एक टन व्हायला चार लाख पाकिटं लागतात. रोज दहा टन खाणारा प्लांट, म्हणजे या धंद्यात लहानच म्हणायचा, त्याला रोज 40 लाख पाकिटं पाहिजेत. संभाजीनगर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 11 लाख 75 हजार होती, आता बरीच वाढली असेल, तरी तान्ह्या बाळासकट प्रत्येकानं रोज दोन-तीन पाकिटं रिकामी करायची, ती सगळीच्या सगळी कोणीतरी उचलायची, आणि वरणभात न लागता कोरडी आणायची. हे होणार आहे का? नाही झालं की प्लांट उपाशी राहतो, आणि कर्ज काढून उभारलेला प्लांट उपाशी ठेवता येत नाही. मग तो काय खातो? दुधाच्या पिशव्या, डबे, कॅन, स्वच्छ फिल्म, म्हणजे जे प्लास्टिक भंगारवाल्याच्या साखळीतून आजच नीट रिसायकल होतंय तेच. पाकिटाचा प्रश्न सोडवायला आणलेलं मशीन असं चांगल्या मालाचं तेल करून बसतं आणि पाकिटं होती तिथंच नाल्यात राहतात. त्यातच करारात "रोज इतके टन द्यायचे, नाहीतर महापालिकेनं भरपाई द्यायची" असं कलम असेल तर शहरानं कचरा कमी करणं हाच शहराचा तोटा होऊन बसतो.

आणि नुसतं वजन भरून भागत नाही, आत काय जातं याला लई महत्त्व आहे. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचं तेल चांगलं निघतं. पण त्यात पीव्हीसी आलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते लोखंड खातं, पॉलिएस्टर आलं की मेणासारखे आम्लाचे खडे पाइपात बसतात, नायलॉन आलं की तेलात नायट्रोजन येतो, अ‍ॅल्युमिनियम आणि शाईतले रंग खालच्या काजळीत राहतात. म्हणजे ज्या मिश्र पाकिटासाठी हे तंत्र विकलं जातं तेच पाकीट या तंत्राला सगळ्यात कमी मानवतं. मग आधी वेगळं करा, धुवा, वाळवा. धुवायला पाणी कुठून आणायचं? लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, संभाजीनगरात आजही बऱ्याच भागांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, तिथं चिप्सची पाकिटं धुवायला पाणी द्या असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? खाली उरलेली काजळी कुठं टाकायची हाही प्रश्न आहेच, असा घातक कचरा घेणाऱ्या राज्यातल्या तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या मोठ्या जागा सगळ्या मराठवाड्याबाहेर आहेत, त्याचं भाडंही याच हिशोबात धरायला पाहिजे.

बरं, हे सगळं केलं आणि तेल निघालं. ते जातं कुठं? कागदावर असं सांगतात की ते परत पेट्रोकेमिकल कारखान्यात जाऊन त्याचं नवीन प्लास्टिक होईल. होऊ शकतं, पण त्या तेलातली घाण क्रॅकरला, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या भट्टीला, सोसत नाही, म्हणून ते शुद्ध करून नाफ्थ्यात, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या नेहमीच्या कच्च्या मालात, थोडं थोडंच मिसळावं लागतं, 800 अंशांच्या वर परत तापवावं लागतं, आणि प्रत्येक पायरीवर मालही गळतो आणि ऊर्जाही जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी 2023 ला वेगवेगळ्या पद्धतींची तुलना केली तेव्हा प्लास्टिकपासून परत प्लास्टिक करायचं असेल तर पायरोलिसिस आणि गॅसिफिकेशनचा (वायू करण्याचा) खर्च आणि पर्यावरणावरचा भार सध्या नव्या प्लास्टिकपेक्षा 10 ते 100 पट निघाला. ही पर्यावरणवाल्यांची घोषणा नाही, सरकारी प्रयोगशाळेचं गणित आहे. आपल्याकडं तर एवढ्या लांब जायची वेळच येत नाही, छोट्या प्लांटचं तेल जवळच्या भट्टीत, बॉयलरमध्ये जळतं. एक किलो पॉलिथिलीन कसंही जाळा, सरळ किंवा तेल करून, तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघणारच. त्यावर म्हणतील की त्या भट्टीत नाहीतरी फर्नेस ऑइल जळलंच असतं, तेवढं तरी वाचलं. खरंय, मान्य. तेवढंच श्रेय द्या मग, इंधन वाचवल्याचं. पण त्याला रिसायकलिंग म्हणू नका, कारण त्या पाकिटाच्या जागी उद्याचं पाकीट परत नव्या नाफ्थ्यापासूनच बनणार आहे.

गंमत नाही, आपले नियमही हेच म्हणतात. 2022 च्या ईपीआरच्या, म्हणजे पाकीट बाजारात आणणाऱ्या कंपनीनंच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची या व्यवस्थेच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टिकचं तेल करणं हे रस्ते, सिमेंट भट्टी, वीजनिर्मिती यांच्या रांगेत, शेवटची विल्हेवाट म्हणून लिहिलेलं आहे. रिसायकलिंगचं लक्ष्य वेगळं आहे, बहुथरी पाकिटांसाठी 2024-25 ला 30 टक्के आणि दरवर्षी दहानं वाढत 2027-28 ला 60 टक्के. हे लक्ष्य साध्या पद्धतीनं गाठता येत नाही, म्हणून तर केमिकल रिसायकलिंगचा एवढा गाजावाजा सुरू झालाय. आणि त्याआधीची गोष्ट तर प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. 2016 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की रिसायकल न होणारं बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं भरली, 2018 ला दुरुस्ती आली, आणि बंदी उरली ती फक्त ज्याचं रिसायकलिंग होत नाही, ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा उपयोगही नाही अशाच प्लास्टिकपुरती. आता प्लास्टिक पेटतं म्हणजे ऊर्जा मिळतेच, मग असं पाकीट उरलं कोणतं? "पुढं यातून काहीतरी निघेल" या एका आश्वासनानं देशातलं प्रत्येक पाकीट वाचवलं. प्लांट उभा राहायच्या आधी त्याच्या नावानं सूट मिळाली. मला भीती याची वाटते, धुराची नंतर.

आपण या वाटेनं आधी एकदा गेलोय. मोगली एरंड आठवतो का? 2003 च्या सुमारास दिल्लीहून ठरलं की पडीक जमिनीवर मोगली एरंड लावायचा, बियांपासून बायोडिझेल करायचं, 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के मिसळायचं. कोरडवाहू भागाला तर हे वरदानच सांगितलं गेलं, पाणी लागत नाही, जनावर खात नाही, मुरमाड माळावर येतो. बियांतून तेल निघतं हे शंभर टक्के खरं होतं, कोणीही खोटं बोललं नव्हतं. पण माळावर पाण्याशिवाय बी किती धरतं, ते वेचायची मजुरी किती, घेणार कोण आणि कोणत्या भावानं, हे कोणी धड विचारलंच नाही. 20 टक्क्यांच्या जवळपासही देश पोचला नाही आणि एरंड बांधावरच्या कुंपणाला राहिला. तिथं विचारलेला एकच प्रश्न होता, "तेल निघतं का?" आज प्लास्टिकच्या बाबतीत परत तोच एक प्रश्न विचारून आपण हो म्हणतोय.

आणि प्रदूषणाचं म्हणाल तर देशात टायर पायरोलिसिसचा अनुभव समोर आहे. 2019 ला हरित लवादापुढं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जी माहिती दिली त्यात 19 राज्यांत 637 युनिट होती आणि त्यातली 270 नियम पाळत नव्हती. टायर तर बरं, एकाच जातीचा माल आहे. मोठे, कंपन्यांचे, ऑनलाइन मॉनिटर लावलेले प्लांट याहून नीट चालतील हे मला मान्य आहे, पण नगरपालिकेला परवडणारा प्लांट त्या जातीचा नसतो, तो टायरवाल्याच्या जातीचा असतो.

कावासाकीचा मुद्दा मी वर सोडून दिला नव्हता, त्यावर आता येतो, कारण मला तो विरोधातला वाटतच नाही. जपानमध्ये पॅकेजिंगच्या रिसायकलिंगचा कायदा 1995 चा आहे, घरातला माणूस पाकीट वेगळं ठेवतो, पालिका ते वेगळं गोळा करते आणि प्रक्रियेचे पैसे पॅकेजिंग बनवणाऱ्या-वापरणाऱ्या कंपन्यांकडून येतात. प्लांटला कचरा नुसता फुकट मिळतो असं नाही, वर पैसेही मिळतात. म्हणून तो जगला. आणि एवढं असूनही त्याच जपानमधला साप्पोरोचा प्लास्टिकपासून तेल करायचा मोठा प्लांट दहाएक वर्षं चालून बंद पडला. जर्मनीत बीएएसएफनं 1994 ला लुडविग्सहाफेनला 15 हजार टनांचा प्रायोगिक प्लांट उभारला आणि 1996 ला बंद केला, कारण पुरेसा कचरा आणि तो घेण्याचा पुरेसा दर यांची खात्री कोणी देईना. आपल्याशी सगळ्यात जवळची गोष्ट इंडोनेशियाची आहे. तिथं युनिलिव्हरनं 2017 ला खास शाम्पूच्या पुड्यांसाठी द्रावकात विरघळवून प्लास्टिक वेगळं काढणारा प्लांट सुरू केला, दोनेक वर्षांत तो थांबला. तंत्र जर्मन संस्थेचं, कंपनी जगातली मोठी, अडलं ते पुड्या गोळा करणं आणि वेगळ्या करणं यावर. युनिलिव्हरला जे परवडलं नाही ते परभणी, हिंगोलीच्या नगरपालिकेला कसं परवडेल?

खर्च कारखान्यावर टाकला की तंत्रज्ञान आपोआप सापडतं, हे मराठवाड्याला नवीन नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीचं तांबडं पाणी ओढ्यात, विहिरीत उतरायचं तेव्हा काय सांगायचे? यावर उपायच नाही, फार महाग आहे, उद्योग बंद पडेल. 2003 ला केंद्रीय मंडळानं डिस्टिलऱ्यांना सांडपाणी नदी-नाल्यात सोडणं बंद करायचा कार्यक्रम ठरवून दिला, पुढं नियम आवळत गेले, आणि मग कंपोस्ट, बाष्पीभवन, बॉयलरमध्ये जाळणं सगळं निघालं. अजूनही तक्रारी आहेत, सगळं आलबेल नाही, पण ग्रामपंचायतीनं वर्गणी काढून ते पाणी साफ करावं असं निदान कोणी म्हणत नाही. मग पाकिटाच्या बाबतीत नगरपालिकेनं घरपट्टीच्या पैशातून तेलाचा प्लांट का काढावा?

आणि उपाय कधी कधी शेजारीच असतो. पाकिटाला लागणारी बीओपीपी फिल्म, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, आपल्याच संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्यात बनते. वरचा थरही पॉलिप्रॉपिलीन, आतला थरही पॉलिप्रॉपिलीन, आणि मधे जाड फॉइलऐवजी त्याच फिल्मवर अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पुसट थर, असं एकाच जातीचं पाकीट आज बनवता येतं. सगळ्या मालाला ते चालत नाही, काही मालाची टिकण्याची मुदत कमी होईल, मशीनची गती थोडी बदलावी लागेल, किलोला थोडे पैसे जास्त लागतील. लागू देत. तो खर्च कारखान्यात एकदाच होतो, उलट पाकीट रस्त्यावर आल्यावर होणारा खर्च दर चौकात, दर नाल्यावर, रोज होतो. असं पाकीट बिनकामाचं राहत नाही, साध्या दाण्याच्या कारखान्यात जातं, आणि ते खराब झालं तरी पायरोलिसिसला तोच माल सगळ्यात चांगला. म्हणजे केमिकल रिसायकलिंगवर ज्यांचा खरंच विश्वास आहे त्यांनी तर एकजातीच्या पाकिटाची मागणी सगळ्यात मोठ्यानं करायला हवी. ती ते करत नाहीत, तेव्हा मला शंका येते.

तोवर जी पाकिटं बाजारात आहेत त्यांचं काय करायचं, हा प्रश्न टाळता येत नाही. ती गोळा करून, दाबून, चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या भट्ट्यांना द्यावीत, तिथं तापमान 1400 अंशांच्या वर असतं आणि तेवढा कोळसा वाचतो. शेकडो किलोमीटरचं भाडं आहे, आणि शेवटी ते जाळणंच आहे, मला ते आवडत नाही, पण जुनी भट्टी वापरायला महापालिकेला नवीन कर्ज लागत नाही आणि वीस वर्षं कचरा पुरवायचा शब्दही द्यावा लागत नाही. भाडं, दाबायचं मशीन आणि वेचणीचा दर हे तिन्ही कंपन्यांच्या ईपीआरच्या पैशातून आलं पाहिजे. आज कंपनीनं ही जबाबदारी पार पाडल्याचं ईपीआर प्रमाणपत्र तयार होतं ते प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, आणि जिनं पाकीट उचललं तिचा त्या कागदावर पत्ता नसतो. त्या कागदाचं काय होतं तेही बघितलंय, 2023 ला केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत चार रिसायकलिंग कंपन्यांची सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं खोटी निघाली.

म्हणून कोणी आपल्या गावात तेलाच्या प्लांटचा प्रस्ताव घेऊन आलं तर त्याला हाकलून देऊ नका, बसवा आणि विचारा. जमीन स्वतःची घेणार का? कचरा कमी पडला तर तोटा कोणाचा? दुधाच्या पिशव्या आणि कॅन घेणार नाही असं लिहून देणार का? काजळी कुठं जाणार? आणि दर महिन्याला किती किलो पाकिटं आली, किती तेल निघालं, ते कोणाला विकलं हे पालिकेच्या भिंतीवर लावायला तयार आहात का? त्याच तक्त्यात वेचणाऱ्या बाईला पाकिटाच्या किलोमागं किती रुपये दिले हा आकडा सगळ्यात वर पाहिजे. तिथं शून्य असेल तर खालची पाकिटं कोणी गोळा केली, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत नगरसेवकांनी विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत बिल थांबवायचं.